ऑस्कर वाइल्ड वाचताना निळं पेन विसरू नका

परवा वाचनालयातून वाइल्डच्या ‘द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे’ या कादंबरीचं पुस्तक आणलं. देखणा डोरियन तरुणच राहतो आणि त्याच्या पापांच्या खुणा त्याच्या चित्रावर उमटत जातात, ती गोष्ट. माझ्याआधी कुणा महाभागाच्या हाती ते पडलं होतं, हे उघडताक्षणी कळलं. त्यांच्याकडून शिकलेल्या या काही युक्त्या.

पुस्तक वाचनालयाचं असेल तर बॉलपेनच घ्या. पेन्सिल भित्र्यांसाठी. रेघ अशी दाबून ओढा की पानामागच्या ओळीही निळ्या व्हाव्यात.

खुणा फक्त डोरियनला नादी लावणाऱ्या लॉर्ड हेन्रीच्या वाक्यांना. मोहातून सुटायचं तर मोहाला शरण जा, असं तो म्हणाला की समासात ‘एकदम खरं!!’ लिहा. मग तेच वाक्य सकाळी ग्रुपवर टाका, मागे सूर्योदय, खाली ‘ऑस्कर वाइल्ड’. पात्र बोलतंय की लेखक, या भानगडीत पडू नका. 1895 साली वाइल्डने लावलेल्या बदनामीच्या खटल्यात समोरच्या बाजूच्या कार्सन वकिलांनी याच कादंबरीतले उतारे वाचून उलट त्यालाच जाब विचारला होता. तेव्हा तुमचं घराणं जुनं आहे.

डोरियनचं चित्र काढणारा बेसिल उपदेश करतो. गाळा.

डोरियन ते चित्र आपल्या लहानपणच्या अभ्यासाच्या खोलीत कुलपात ठेवतो. तीच खोली का, असले प्रश्न डोक्यात आणू नका. वरच्या जांभळ्या, जरीच्या कापडाचं वर्णन बघा, छान आहे.

सिबिल व्हेन आली की मात्र पानं भराभर उलटा. फाटक्या थिएटरात ज्युलिएट करणारी कोवळी पोर. खरं प्रेम कळलं आणि रंगमंचावरचं खोटं तिला जमेनासं झालं, म्हणून एका रात्री तिचं काम पडलं. डोरियन आत जाऊन तिला सुनावतो, तू माझं प्रेम मारलंस. ती पायाशी पडून रडते, हा चालू लागतो. घरी येऊन बघतो तर चित्रातल्या ओठांपाशी क्रूरपणाची छटा. दुसऱ्या दिवशी कळतं, पोर विष घेऊन मेली. आणि त्याच संध्याकाळी साहेब हेन्रीबरोबर ऑपेराला! कारण हेन्रीने समजूत घातलेली असते की ती कधी खरी जगलीच नव्हती, म्हणून खरी मेलीही नाही. या वाक्याखाली आमच्या महाभागांनी दोन रेघा मारल्यात. दोन! बाजूला ‘वा!’

अहो, वा काय? पोरगी मेलीय तिथे!

आता युक्त्या पुरे. त्या हेन्रीला तुम्ही गुरू केलंय ना? मग शेवटाकडची त्याची आणि डोरियनची भेट वाचा. तिथे एकही रेघ नाही, म्हणजे तुम्ही तिथवर पोचलाच नाहीत. बेसिलचा खून मी केला असं म्हणालो तर, असं डोरियन त्याला तोंडावर विचारतो. आणि हा शहाणा म्हणतो, ते तुझ्यात नाहीच. बेसिल पॅरिसमध्ये बसवरून नदीत पडला असेल, असा त्याचा तर्क! समोर खुनी बसलाय आणि याला पत्ता नाही. आयुष्यभर माणसांवर चुरचुरीत बोलला, पण आपणच बिघडवलेला एक माणूस काही याला ओळखता आला नाही. आणि याची वाक्यं तुम्ही रोज सकाळी आम्हाला पाठवता. बंद करा ते. आधी पुस्तक पूर्ण वाचा.