‘जुना श्रोता’ यांस उत्तर: कॅव्हर्नमध्ये नक्की किती माणसं मावत होती?

श्रोतेसाहेब, नमस्कार.

बीटल्सच्या सुरुवातीच्या दिवसांवरच्या माझ्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. आधी राग आला, मग चहा झाला, मग पुन्हा वाचली. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: साठ वर्षांपूर्वीच्या चाहत्यांच्या गप्पा मी इतिहास म्हणून खपवल्या, ‘आम्ही तिथे होतो’ म्हणणारे सगळे मोजले तर लिव्हरपूलच्या कॅव्हर्न क्लबच्या त्या तळघरात लाखभर माणसं कोंबावी लागतील, आणि बीटल्सचा रिंगोआधीचा ड्रमर पीट बेस्ट याला मी दोन ओळींत गुंडाळलं.

चूक आधी कबूल करतो. रेमंड जोन्सची गोष्ट मी जशीच्या तशी उतरवली. २८ ऑक्टोबर १९६१ ला हा मुलगा पुढे बीटल्सचा मॅनेजर झालेल्या ब्रायन एपस्टाइनच्या रेकॉर्डांच्या दुकानात बीटल्सने साथ दिलेल्या ‘माय बॉनी’ची रेकॉर्ड मागायला आला आणि तेव्हा एपस्टाइनने बीटल्सचं नाव पहिल्यांदा ऐकलं, असं एपस्टाइनच सांगायचा. पण बीटल्सच्या बातम्या छापणारं लिव्हरपूलचं संगीतविषयक वृत्तपत्र ‘मर्सी बीट’ त्याच्याच दुकानात विकलं जात होतं आणि ऑगस्टपासून तो स्वतः त्यात नव्या रेकॉर्डांवर लिहीत होता. मग नाव ऐकलं नव्हतं, हे पटावं कसं? त्यात त्याचा सहायक ॲलिस्टर टेलर पुढे म्हणाला, जोन्सबिन्स कुणी नव्हताच, ते नाव मीच रचलं. आणि एवढं होऊन खराखुरा रेमंड जोन्स पुढे आला! म्हणजे बघा, गोष्टीला रंग चढवले ते धंद्यातल्या माणसांनी. चाहता बिचारा होता तिथेच होता.

आता तुमच्या लाखभर माणसांचा हिशेब. कॅव्हर्नमध्ये बीटल्स एकदाच वाजवून गेले असते तर मीही तुमच्यासारखा हसलो असतो. पण ९ फेब्रुवारी १९६१ ते ३ ऑगस्ट १९६३ या काळात ते तिथे तीनशेच्या आसपास वेळा वाजले. त्यातही कितीतरी कार्यक्रम भरदुपारी, ऑफिसातल्या मुली जेवणाच्या सुट्टीत येऊन ऐकून जायच्या. इतक्या वेळा झालेल्या गोष्टीला हजारो साक्षीदार असणारच. संशय घ्यायचाच तर दक्षिण इंग्लंडमधल्या ऑल्डरशॉटच्या कार्यक्रमावर घ्या. तिथे ९ डिसेंबर १९६१ ला जाहिरात छापूनच आली नाही आणि जेमतेम अठरा माणसं जमली. त्या रात्रीचा एकोणिसावा साक्षीदार भेटला तर मलाही कळवा.

शिवाय काही गोष्टी कागदावर सापडतच नाहीत. मॅथ्यू स्ट्रीटवरच्या गोदामाखालचं ते विटांच्या कमानींचं तळघर, घामाने ओघळणाऱ्या भिंती, आणि सडकी फळं, फिनाइल, घाम यांचा एकत्र वास. हा वास कपड्यांत असा मुरायचा की दुपारी कुठे जाऊन आलात हे ऑफिसात न सांगता कळायचं. हे त्या मुलींनीच सांगितलं म्हणून आपल्याला माहीत आहे. तारखा त्या चुकवतील, वास नाही चुकवणार.

आणि लिव्हरपूलजवळच्या लिदरलँडमधल्या कार्यक्रमाचं घ्या. डिसेंबर १९६० मध्ये जाहिरातीत ‘थेट हॅम्बुर्गहून’ असं छापलं होतं, त्यामुळे जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये वाजवून आलेली ही पोरं जर्मनच आहेत असं लोकांना वाटलं आणि त्यांचं इंग्रजी किती छान म्हणून कौतुकही झालं. बढाई मारणारा माणूस स्वतःची अशी फजिती कशाला सांगत बसेल?

पीट बेस्टबद्दल तुमचं बरोबर आहे. हॅम्बुर्गच्या पहिल्या वारीपासून दोन वर्षं तो ड्रमवर होता. त्याच्या आईने घराच्या तळघरात काढलेल्या कॅस्बा क्लबात ही मंडळी त्याच्याही आधी वाजवत होती. १६ ऑगस्ट १९६२ ला त्याला काढलं, तेही एपस्टाइनकरवी. एकाही दोस्ताने तोंडावर येऊन सांगितलं नाही. मला हे आजही खटकतं, त्याच्या जागी आलेला रिंगो कितीही आवडत असला तरी. यातही चाहत्यांची साक्ष पक्की आहे. सहा दिवसांनी ग्रॅनडा टीव्हीने कॅव्हर्नमध्ये चित्रण केलं, त्यात गाणं संपताच ‘आम्हाला पीट हवा’ अशी आरोळी ऐकू येते. जॉर्ज हॅरिसनचा डोळाही पीटला काढल्यावरून झालेल्या भांडणात सुजला, सप्टेंबरमधल्या रेकॉर्डिंगच्या फोटोंत तो दिसतो.

मूळ लेखात एक गोष्ट मात्र राहूनच गेली. फेब्रुवारी १९६३ मध्ये कॅव्हर्नचा निवेदक बॉब वूलर याने तिथल्या माइकवरून जाहीर केलं की बीटल्सचं ‘प्लीज प्लीज मी’ हे गाणं पहिल्या क्रमांकावर पोचलं. टाळ्यांचा कडकडाट व्हायला हवा होता. तिथे असलेले सांगतात, सगळे गप्प झाले. आता ही पोरं आपली राहत नाहीत, हे त्या तळघराला लगेच कळलं होतं.

रेमंड जोन्सचा परिच्छेद दुरुस्त केला आहे. पीटवर वेगळं लिहीन, दोन ओळींपेक्षा नक्कीच जास्त.