मिठाला जागलेला बोल्ट

माझ्याकडे १९९२ सालची माझदा मियाटा ही दोन आसनी गाडी आहे. तीस वर्षांनी तिच्या सस्पेन्शनच्या आर्ममधील, म्हणजे चाक गाडीला जोडणाऱ्या दांड्यांच्या सांध्यांतील, रबरी बुश (धक्के गिळणारी नळकांडी) तडकले, तेव्हा पुन्हा रबरीच घालण्याऐवजी मी पॉलियुरेथेनचे कडक बुश मागवले, कारण त्यांच्यामुळे वळणावर आर्म जागचा हलत नाही आणि चाकाचा कोन ढळत नाही. हे सर्व खरे आहे. एवढेच मी वाचले होते.

मिशिगनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. मागच्या खालच्या आर्मच्या लांब बोल्टने हे मीठ वर्षानुवर्षे खाल्ले होते आणि खाल्ल्या मिठाला तो असा जागला की जागा सोडेना. त्याला दोन दिवस तेल पाजले, तापवले, पान्याला पाइप अडकवून त्यावर लोंबकळलो. शेवटी करवत आणली.

सांगलीहून आलेले बाबा उलट्या बादलीवर बसून हे पाहत होते. त्यांची हयात एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली. ‘‘गाडी चाकांवर उभी केल्याशिवाय बोल्ट आवळू नकोस, रबराला पीळ बसतो,’’ ते म्हणाले. हे बुश नळीभोवती मोकळे फिरतात, त्यांना पीळ बसत नाही, फक्त सिलिकॉन ग्रीस लागते, असे मी त्यांना ऐटीत समजावले.

‘‘म्हणजे ग्रीस संपलं की ओरडणार.’’

त्याच भरात मी इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांत वाटणाऱ्या डिफरन्शियलचे दोन्ही बुशही बदलले. या गाडीत गिअरबॉक्सला स्वतःचे माउंटिंग नसते. एक लांब अॅल्युमिनियमची चौकट त्याला डिफरन्शियलशी जखडते. रबरी बुश म्हणजे एकत्र कुटुंबातील समंजस आत्या: रस्ता काय बोलला ते ती गाडीला सांगत नाही आणि डिफरन्शियल काय पुटपुटले ते चालकाला कळू देत नाही. तिला हाकलून मी तिच्या जागी प्रत्येक शब्द हातात आणून देणारा बेलिफ नेमला होता.

चाकांचे अलाइनमेंट करून आम्ही निघालो. वळणावर गाडी खरोखरच रुळावरून गेल्यासारखी गेली. सरळ रस्त्यावर मात्र काँक्रीटचा प्रत्येक सांधा मणक्यात मोजता येत होता, गिअरचे गुणगुणणे आसनातून वर येत होते, आणि ग्रीस लावताना मी जिथे काटकसर केली होती तो उजवा आर्म घरी पोचेपर्यंत जुन्या झोपाळ्याच्या कड्यांसारखा कुरकुरू लागला. बाबा वाटेत एक अक्षर बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी किराणा आणायला निघालो, तेव्हा गाडीत बसण्यापूर्वी त्यांनी कवळी काढली, रुमालात गुंडाळली आणि खिशात ठेवली.