घोड्याच्या अंगाला जळकं ऑइल चोपडू नका राजेहो

घोडेवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरून राहिला, की घोड्याचे केस गेले, खपल्या आल्या म्हणजे खरूजच, जळक्या ऑइलात गंधक कालवून चोपडा नाहीतर गोचिडाचं औषध मारा, आठ दिवसांत साफ. मुक्या जनावराचे हाल होतात म्हणून लिहितो.

आधी ते "खरूजच". पावसाळ्यात पाठीवर, पुठ्ठ्यावर खपली येते, उचलली की केसांचा झुपका सोबत निघतो अन् खाली कातडी ओली गुलाबी दिसते, ते खरूज नाही, सतत भिजलेल्या अंगावर वाढणाऱ्या बॅक्टेरियाचं काम आहे. घोडी कोरड्यात बांधा, पातळ क्लोरहेक्झिडिन नाहीतर पोव्हिडोन आयोडीन या जंतुनाशकानं धुवा, १० मिनिटं राहू द्या, मग पूर्ण सुकवा, सुकवणं मेन आहे. खपल्या ओरबाडू नका, नरम झाल्या की सुटतात. गोल चट्टे, कोंडा अन् खाज फारशी नाही, तर गजकर्ण समजा. लगीनसराईत एक झूल अन् एक खरारा चार घोड्यांवर फिरते, तिथूनच ते पसरते, माणसालाही होते. साज धुऊन कडक उन्हात टाका. आयाळ अन् शेपटीचं मूळ घासून घासून बोडकं झालं असन तर बारीक चिलटांची ॲलर्जी पाहा, पहाटे-संध्याकाळी आत बांधून पंखा लावा, वाऱ्यात ते टिकत नाही. खरी खरूज कातडी खरवडून मायक्रोस्कोपखाली पाहूनच पक्की होते.

गंधकाचं म्हणाल तर चुना-गंधकाचं द्रावण डॉक्टरही देतात, वांधा ऑइलचा आहे. त्यात इंजिनातले धातू, रसायनं असतात, कातडी भाजते, घोडा चाटते ते वेगळंच.

आठ दिवसांत साफ? गजकर्ण बहुतेक वेळा एक ते तीन महिन्यांत आपसूक जाते, श्रेय ऑइलला भेटते.

सगळ्यात घातक ते गोचिडाचं औषध. बाटलीवर अमिट्राझ लिहिलं असन तर घोड्याच्या जवळ नेऊ नका. ढोरांना चालते, पण घोड्याचं आतडं थांबते, लीद बंद होते, पोटशूळ उठते अन् जनावर जाऊ शकते.

अन् पायावर ओळीनं गाठी, फुटून चिकट पू, नाकातूनही घाण येत असन तर ग्लँडर्स हा घोड्याचा संसर्गाचा रोग असू शकते, तो माणसाचाही जीव घेते. उघड्या हातानं शिवू नका, पोरांना दूर ठेवा, घोडा वेगळा बांधा अन् १९६२ या जनावरांच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा.