घरातला सीमाप्रश्न कसा चिघळत ठेवावा

किशोरवयीन मुलांशी कसे बोलावे, हे बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील मराठी पालकांना बाहेरच्या समुपदेशकाने येऊन शिकवण्याची काहीही गरज नाही. हा पट्टा कर्नाटकात की महाराष्ट्रात, हा 1 नोव्हेंबर 1956 पासूनचा प्रश्न न सुटता पिढ्यान्‌पिढ्या जिवंत कसा ठेवता येतो, हे आपण पाहत आलो आहोत. या वादावर नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल 1967 मध्ये आला, महाराष्ट्राने तो फेटाळला, कर्नाटकाने तोच अंतिम मानला आणि 2004 मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. एवढा अनुभव गाठीशी असताना पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपुढे हात टेकणे आपल्याला शोभत नाही.

मुलीला ट्यूशन बदलायची असेल, तर तिच्याशी थेट न बोलता कोल्हापूरच्या आत्यांना मध्ये घालावे. आत्यांनी दोन्ही बाजू ऐकून कौल मुलीच्या बाजूने दिला, तर तो एकतर्फी ठरवून फेटाळावा. आपल्या बाजूने दिला, तर त्यातला काना-मात्राही बदलणार नाही, असे बजावावे. दोन्ही भूमिकांची भाषणे आपल्याला तोंडपाठ आहेतच.

मुलगा खोलीत असेल, तर दार न वाजवता आत जावे आणि “काय करायलास?” असे विचारावे. तो “काही नाही” म्हणेल. या उत्तरावर समाधान न मानता “काही नाही म्हणजे काय?” असे विचारावे, मोबाईल उलटा ठेवल्याचे निदर्शनास आणून द्यावे आणि त्याच दमात शेजारच्या मुलीला दहावीला 625 पैकी किती गुण मिळाले, ते सांगावे. कर्नाटकाच्या परीक्षा मंडळाने 2024 मध्ये दहावीच्या विद्यार्थ्याला एकाच वर्षात तीन परीक्षांची मुभा दिली होती, पण मंडळाचे लाड मंडळापाशी. घरात एकदा चुकलेल्याला पुरवणी परीक्षा ठेवू नये. पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्सच घ्यायचे, हे तर मूल चालायला लागले तेव्हाच ठरलेले असते, त्यामुळे त्यावर चर्चेचा प्रसंग सहसा येत नाही.

एका ठिकाणी मात्र फार सावध राहावे लागते, ते म्हणजे सरकारी कचेरी. शेताचा उतारा कन्नडमध्ये, अर्ज कन्नडमध्ये, खिडकीवरचा कारकूनही कन्नडमध्येच बोलणारा, आणि आपले शिक्षण मराठी शाळेतले. अशा वेळी शाळेत कन्नड शिकलेल्या त्याच मुलाला सोबत न्यावे लागते. घरी हुं की चूं न करणारा हा मुलगा तिथे कागदावर बोट फिरवत सर्व्हे नंबर वाचतो, कारकुनाशी अदबीने दोन वाक्ये बोलतो, आजोबांच्या नावातली चूक दाखवून देतो आणि आपल्याकडे वळून हळू आवाजात म्हणतो, “पप्पा, इथं सही करा. तिथं नको, तिथं तलाठ्याची असती.” आपण मुकाट्याने सही करतो. त्या दहा मिनिटांत कोणी कोणावर ओरडत नाही, कोणी कोणाचे गुण काढत नाही, तो समजावून सांगतो आणि आपण ऐकतो. म्हणजे संवादाला लागणारे सगळे साहित्य नकळत जमून येते. पालकत्वाच्या दृष्टीने याहून घातक परिस्थिती दुसरी नाही. म्हणून पायऱ्या उतरता उतरताच “एवढं डोकं गणितात चालवलं असतंस तर” हे वाक्य ऐकवून टाकावे. शाबासकी द्यायचीच असेल, तर ती कारकुनासमोर, आणि तीही आपल्या संस्कारांना द्यावी.

परतीच्या वाटेवर तो मागे बसलेला असतो आणि त्याला आपला चेहरा दिसत नसतो, त्यामुळे अशी मुले स्कूटरवर हमखास “पप्पा, एक सांगू काय?” असे सुरू करतात. हेल्मेट आणि वाऱ्यामुळे ऐकू आले नाही, असे चालत्या गाडीवर भासवता येते. परंतु रेल्वे गेट पडलेले असले, तर इंजिन बंद करून थांबावे लागते आणि मालगाडी लांबलचक असली, तर आर्ट्सला जायचे आहे इथपासून रात्री झोप लागत नाही इथपर्यंत सगळे ऐकून घ्यावे लागते. तेव्हा कचेरीतून निघाल्यावर वळसा पडला तरी चालेल, पेट्रोल जास्त जळले तरी हरकत नाही, पण कपिलेश्वर उड्डाणपुलावरूनच घरी यावे.