त्यांनी त्यांचा संघ काढावा

गावातल्या पोरांच्या ग्रुपवर आठवडाभर एकच वाद चाललाय. जत्रेच्या क्रिकेट स्पर्धेला नियम आहे, 'एक गाव एक संघ', आधार कार्ड सक्तीचं. वसाहतीतला एक डावखुरा बॉलर आणि त्याचा भाऊ गावच्या संघातून खेळू द्या म्हणतायत. त्यांच्या आधारवर पत्ता वसाहतीचा. वसाहत आमच्या वेशीपासून चालत दहा मिनिटांवर. त्यावर एकानं लिहिलं, "त्यांनी त्यांचा संघ काढावा." खाली अंगठ्यांची रांग.

मी विरोधात लिहिलं. लगेच उत्तर आलं, "दादा, तुमी तिकडं जर्मनीत बसून आमाला शिकवू नका. इथलं तुमाला काय म्हाईत?"

इथलं मला माहीत आहे. वसाहत कुठून आली तेही माहीत आहे. चांदोलीचं अभयारण्य १९८५ चं, राष्ट्रीय उद्यान २००४ चं. झोळंबी, निवळे, गोठणे अशी गावं जंगलातून उठली. त्यातली काही माणसं खाली आमच्या ऊसपट्ट्यात आणून वसवली. वारणेच्या धरणाचं पाणी आम्ही पितो आणि तिच्या वरच्या अंगाहून उठवलेल्या माणसांना 'धरणग्रस्त' म्हणतो. म्हणजे ज्यांचं गेलं त्यांनाच नाव ठेवलं. आमचं गायरानही त्या वसाहतीत गेलं हे खरं आहे, आणि गावाचा राग मी खोटा म्हणत नाही. त्या गायरानावर आम्ही क्रिकेट खेळायचो.

पण असा राग मी इथे जर्मनीतही पाहिलाय. २०१५ साली जर्मनीत सुमारे ८ लाख ९० हजार माणसं आश्रयाला आली. मी राहतो त्या गावातल्या शाळेच्या टुर्नहालेत, म्हणजे खेळाच्या बंदिस्त हॉलमध्ये, त्यांच्यासाठी खाटा पडल्या. हँडबॉलवाल्यांचा अख्खा हिवाळा गेला, आमचं बुधवारचं बॅडमिंटन बंद झालं. मी तेव्हा ऑफिसात कुरकूर केली होती, की हॉल आमच्या वर्गणीवर चालतो. ज्या माणसाला या देशात येऊन चारच वर्षं झाली होती, तो 'आमच्या' म्हणत होता.

त्याच हॉलबाहेर पार्किंगमध्ये अफगाण पोरं टेनिस बॉलला इन्सुलेशन टेप गुंडाळून खेळायची. यॉर्कर असे की मी थांबून बघत राहायचो. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या बापांनी हा खेळ पेशावरकडच्या छावण्यांत शिकलेला. अफगाणिस्तानचं क्रिकेटच निर्वासितांच्या छावण्यांत वाढलं, आणि २०१८ साली त्यांचा संघ पहिली कसोटी खेळला तो आपल्या बंगळूरला. एका संध्याकाळी मी माझी बॅट घेऊन गेलो. ती पोरं मला 'काका' म्हणायला लागली. त्यांच्या भाषेत हा शब्द अगदी आपल्यासारखाच आहे. परदेशात मला पहिल्यांदा कुणी काका म्हटलं.

आम्ही गावच्या फुटबॉल क्लबकडे जागा मागितली. मला वाटलं होतं, स्वतंत्र क्लब काढू, मोकळेपणी खेळू. क्लबच्या अध्यक्षांनी नाही म्हटलं. क्रिकेट हा आमच्याच क्लबचा एक विभाग राहील. वर्गणी सगळ्यांसारखी, जमत नसेल त्याची अर्धी. जोमरफेस्टला, म्हणजे उन्हाळी जत्रेला, सॉसेजच्या ठेल्यावर पाळी. शनिवारी सकाळी मैदानाचं काम. ही अट मला तेव्हा जाचक वाटली. घर सोडून आलेल्या पोरांना रेषा मारायला काय लावता, असं मी भांडलोही.

आज सांगतो, अध्यक्षांचं बरोबर होतं. नुसत्या खेळानं काही जुळत नाही. आमच्या संघात अकरातले नऊ अफगाण, पाकिस्तानी नाहीतर भारतीय असतात. गावातले लोक कुंपणापलीकडून दोन ओव्हर बघून निघून जातात. जुळलं ते मॅटिंग अंथरताना. मैदान सांभाळणारे एक पेन्शनर आजोबा पहिलं वर्षभर आमच्याशी फक्त फाटकाच्या किल्लीबद्दल बोलले. दुसऱ्या वर्षी त्यांचा गुडघा बदलला, तेव्हा रोलर ओढायला ही पोरं गेली. तिसऱ्या वर्षी आजोबा स्कोअर लिहायला बसले, आणि लेगबाय म्हणजे काय यावरून अंपायरशी वाद घालू लागले. एका पोराला आउसबिल्डुंग, म्हणजे काम करत शिकायची जागा, मिळाली ती त्यांच्याच पुतण्याच्या गॅरेजमध्ये. सगळ्यांचं असं झालं नाही. एकाचा आश्रयाचा अर्ज नामंजूर झाला आणि एका सोमवारपासून तो दिसेनासा झाला. त्याचे पॅड अजून माझ्या तळघरात आहेत.

जर्मनीत खेळातून माणसं जोडायचा सरकारी कार्यक्रम १९८९ साली सुरू झाला. तो परक्यांसाठी नव्हता. सोव्हिएत मुलखातून आणि पूर्व युरोपातून परतलेल्या जर्मन वंशाच्याच लोकांसाठी होता. रक्त जर्मन, पण शेजारी त्यांना रशियन म्हणायचे. वसाहतीचं वेगळं काय आहे? तीच मराठी, तोच जोतिबा, आणि तरी आज तिथल्या तिसऱ्या पिढीला 'वरनं आलेली' म्हणतात.

याच ग्रुपवर मागे वळिवड्याची माहिती फिरत होती. १९४३ ते १९४८ कोल्हापूरजवळच्या त्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, आपल्या मुलखानं त्यांना सांभाळलं, म्हणून सगळ्यांची छाती फुगली होती. माझीही फुगली. इथल्या एका पोलिश सहकाऱ्याला मी ते अभिमानानं सांगितलं. पोलंडहून आलेल्यांचा अभिमान बाळगायचा आणि चांदोलीहून आलेल्या पोराला अकरात घ्यायचं नाही, हे मला पटत नाही. "त्यांनी त्यांचा संघ काढावा" म्हणजे दर जत्रेला गाव विरुद्ध वसाहत अशी मॅच लावायची. तिथे हाणामारी व्हायला एक रनआऊट पुरतो. पोरांना संघात घ्या, आणि पिच लाटायला, मंडप घालायला, वर्गणी मागायलाही बरोबर न्या.

आता एक गोष्ट, जी मी ग्रुपवर लिहिली नाही. माझ्या आधार कार्डावर अजून गावचा पत्ता आहे. स्पर्धेच्या नियमानं मी उद्या येऊन खेळू शकतो. पहिल्या बक्षिसाचे अकरा हजार मी देतो, म्हणून फ्लेक्सवर माझा फोटो असतो, 'गावचे सुपुत्र' असं लिहून. गेल्या वर्षी मी जर्मन नागरिकत्व घेतलं. म्युनिकच्या भारतीय वाणिज्य दूतावासात निळा पासपोर्ट जमा केला आणि घरी येईपर्यंत बायकोशी बोललो नाही. आईला सांगितलंय, बाकी कुणाला नाही. भीती एवढीच होती, की गावात कुणीतरी म्हणेल, हा आता आपला नाही. भारताचा नागरिक नसलेला मी गावचा, आणि तिथेच जन्मलेला तो डावखुरा पोरगा बाहेरचा.

आम्ही सातवीत असताना वसाहतीतला एक मुलगा रोज मैदानाच्या कडेला येऊन उभा राहायचा. बॅटिंग आम्ही त्याला कधी दिली नाही. चेंडू उसात गेला की त्याला आत पाठवायचो. पाल्यानं हात कापलेले असायचे, तरी तो चेंडू घेऊन पळत यायचा आणि पुन्हा कडेला उभा राहायचा. त्याचं नाव मला आठवत नाही. आम्ही त्याला 'ए वसाहत' अशीच हाक मारायचो.