‘स्विफ्ट संपणार’ म्हणणाऱ्यांना, उद्यमबागेतून

आमच्या निर्यातदारांच्या ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय: परदेशी पेमेंटसाठी बँका वापरतात ती स्विफ्ट संपल्यात जमा, ब्रिक्सची (ब्राझील, रशिया, भारत, चीन वगैरे देशांच्या गटाची) यंत्रणा आली की डॉलर नको, मधल्या बँका नकोत, कोटीचं पेमेंट यूपीआयसारखं दोन सेकंदांत खात्यात. बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीत, एका फाउंड्रीत हिशेबाच्या टेबलावर बसून असल्या पेमेंटची वाट बघणं हेच माझं काम, म्हणून लिहितोय.

‘पैसे स्विफ्टमधून येतात.’ येत नाहीत. 1973 साली बेल्जियममध्ये स्थापन झालेली ही बँकांच्याच मालकीची सहकारी संस्था फक्त निरोप पोहोचवते. पैसे हलतात ते बँकांनी एकमेकींकडे ठेवलेल्या नोस्ट्रो खात्यांत. निरोप्या बदलला म्हणून ती खाती मिटत नाहीत.

‘उशीर होतो तो जुनाट तंत्रामुळे.’ गेल्या वर्षी जर्मन ग्राहकाने शुक्रवारी स्विफ्ट कॉपी, म्हणजे त्याच्या बँकेने धाडलेल्या निरोपाची प्रत, पाठवली, कास्टिंगचे पैसे जमा झाले बुधवारी. निरोप आमच्या बँकेत त्याच दिवशी आला होता. मग अडलं कुठं? निरोपात गावाचं नाव ‘बेळगावी’, आमच्या खात्यावर ‘बेळगाम’. 2014 ला सरकारने गावाचं नाव बदललं, खात्यावरचं कोण बदलणार! (बोलताना आम्ही म्हणतो ते तिसरंच, ते सोडा.) मग इनव्हॉइस द्या, लेटरहेडवर पत्र द्या, पैसे कशाचे ते सांगणारा पर्पज कोड परत लिहा. जुन्या एमटी 103 निरोपात नाव-पत्ता कोंबायला 35 अक्षरांच्या चार ओळी. नोव्हेंबर 2025 पासून बँकाबँकांतल्या पेमेंटच्या निरोपांना आयएसओ 20022 हा नवा साचा लागू झाला, त्यात गाव, देश, पिनकोड यांना वेगळे रकाने आहेत. खरा बदल असा रटाळ असतो, त्याचा फॉरवर्ड कुणी करत नाही.

‘यूपीआय आहे की.’ सिंगापूरच्या पेनाऊ या यूपीआयसारख्याच यंत्रणेशी यूपीआय 2023 ला जोडलं, तेव्हा मर्यादा ठेवली दिवसाला 60,000 रुपये. तिकडं शिकणाऱ्या पोराला खर्चाला पाठवायला ठीक, कंटेनरचं काय? मोठ्या रकमेत धास्ती वेगाची नसतेच. आपण दिले आणि समोरच्याने दिलेच नाहीत तर? 26 जून 1974 ला जर्मनीची हेरस्टाट बँक बंद पडली, तेव्हा मार्क घेऊन झाले होते, न्यूयॉर्कात डॉलर द्यायचे राहिले. त्या धड्यातून 2002 ला सीएलएस ही चलनांचे व्यवहार पुरे करणारी संस्था सुरू झाली. तिथं दोन्ही चलनं एकदम हलतात, नाहीतर एकही नाही. तिच्या 18 चलनांत रुपया नाही.

‘रुपयात घ्या, विषय संपला.’ जुलै 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेने विशेष रुपया व्होस्ट्रो खात्यांची (परदेशी बँकांनी आपल्या बँकांत ठेवायच्या रुपयांच्या खात्यांची) वाट मोकळी केलीच आहे. पण रशियाने तेल विकून मिळालेले रुपये खर्चायचे कुठं? मे 2023 मध्ये चोर्ला घाटाखाली, गोव्यातच, परराष्ट्रमंत्री लावरोव हेच रडगाणं गाऊन गेले.

आणि ‘ब्रिक्सची यंत्रणा’ म्हणून ज्या एमब्रिजचं नाव फिरतं, तो मध्यवर्ती बँकांच्या डिजिटल चलनांतून परदेशी पेमेंट करायचा प्रकल्प, बीआयएस या मध्यवर्ती बँकांच्या आंतरराष्ट्रीय बँकेच्या साथीने उभा राहिलेला. ऑक्टोबर 2024 मध्ये बीआयएसने त्यातून अंग काढून घेतलं.

पुढचं पेमेंट अडकलं की ग्राहकाकडून 36 अक्षरी यूईटीआर, म्हणजे त्या पेमेंटचा ओळख क्रमांक, मागवा आणि बँकेला द्या. पैसे कुठल्या बँकेत थांबलेत ते त्यावरून शोधता येतं. आमचे ‘बेळगाम’मध्येच थांबले होते.