दोन सेंटिमीटरची निमताना मोजणी

तिकीट खिडकीशेजारच्या खांबाला पाठ लावली तेव्हा थोरला १४० सेंटिमीटर भरला. दीड तासानं रोलर कोस्टरच्या फाटकाशी भरला १३८. मधल्या वेळात त्यानं दोन कणसं खाल्ली होती. वाढला असता तर समजलं असतं.

नियम भिंतीवर छापलेला होता. १४० आणि त्यावर मोठ्याचं तिकीट, त्याखाली लहानाचं. आणि रोलर कोस्टरला बसायचं तर १४० पाहिजेच. म्हणजे पैसे घेतले मोठ्याचे आणि बसवलं कुठं, तर हिरव्या बेडकाच्या पाठीवर, धाकटीच्या शेजारी. पार्क कुठलं ते सांगत नाही. माझं भांडण खांबाशी आहे.

आमच्या मराठवाड्यात अशी सहल अर्ध्या तिकिटाच्या हिशेबावर ठरते. आधी दिशा. नांदेड-लातूर-उदगीरकडच्यांना हैदराबाद जवळ, तिथं वंडरला २०१६ पासून आहे आणि रामोजी फिल्म सिटी तर १९९६ पासून. संभाजीनगर-बीडकडच्यांना खोपोलीजवळचं इमॅजिका, २०१३ चं. मग वाहन. एसटीत पाच ते बारा वर्षांच्या लेकराला अर्धं तिकीट, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं, पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीटच नाही. आमची मोजदाद अशी: बायको अर्धी, थोरला अर्धा, धाकटी चार वर्षांची म्हणून फुकट, आई फुकट. अख्ख्या कुटुंबात पूर्ण माणूस मी एकटाच. हा मान घरात मिळत नाही, एसटीतच मिळतो. फक्त ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. हैदराबादची गाडी देगलूरच्या पुढं गेली की बायको पुन्हा पूर्ण होते.

रेल्वेचा हिशेब वेगळा. पाचाखालचं लेकरू फुकट, पण त्याला जागा नाही. पाच ते बारातल्याला अर्धं तिकीट तेव्हाच, जेव्हा त्याच्यासाठी बर्थ मागत नाही. बर्थ मागितला की पूर्ण. आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून साठच दिवस आधी उघडतं. उन्हाळ्याच्या सुट्टीची गाडी हवी तर परीक्षा चालू असतानाच बसून राहावं लागतं, आणि शाळा शेवटच्या पेपरची तारीख साठ दिवस आधी कधी सांगते?

मुद्दा एवढाच की एसटी वय विचारते, रेल्वे वय विचारते, आणि पार्क उंची. जन्माचा दाखला पिशवीत घेऊन फिरणाऱ्या बापाची इथंच फसगत होते.

तर रोलर कोस्टरच्या फाटकाशी आमच्या मागं एक काका उभे होते. नातवाला घेऊन आलेले, पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. भूमी अभिलेखातून रिटायर झालेले, हे त्यांनी पहिल्या मिनिटात सांगितलं.

"पाव्हणं, ह्यो खांब कुणी रवला?"

मी म्हणलं, मला कसं माहीत असणार.

"गुत्तेदारानं," त्यांनीच उत्तर दिलं आणि पँटीच्या खिशातून तीन मीटरचा स्टीलचा टेप काढला. प्रवेशद्वारावर पिशव्या तपासणाऱ्यांनी आमचे अठरा धपाटे आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा बाहेर ठेवायला लावला होता. टेप मात्र आत आला होता.

"बघा, फरशीला नालीकडं उतार दिलाय. मीटरला सेंटिमीटर. लेकरू खांबापासनं वीतभर म्होरं उभं केलं की ते खड्ड्यात गेलं."

"वीतभराला किती?"

"दोन मिलिमीटर."

"मग उरलेले अठरा?"

"तेच शोधायलोय."

टेपाचा हूक लटपटत होता. मी म्हणलं, काका, टेप बिघडलाय. ते दुखावले. "ह्यो हालायलाच पाहिजे. हुकाची जाडी जेवढी तेवढाच हालतंय. टेकवून मोजलं तर आत सरकतंय, अडकवून मोजलं तर भाईर येतंय. म्हणून दोन्हीकडनं माप बरुबर." हे मला पंचेचाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. घरी जाऊन बघितलं, खरं आहे.

मागून एक बाई ओरडल्या, "अहो, सरका ना पुढं!"

काका वळले. "ताई, तुमी लगतधारक, मंजे शेजारच्या जमिनीवाल्या. तुमाला नोटीस द्यायला पायजे व्हती, ती चूक झाली. पण लगतधारकाच्या हरकतीनं मोजणी थांबत नसती."

फाटकावरचा पोरगा विशीतला होता, त्याला हे झेपेना. काकांनी त्याला विचारलं, "ह्या खांबाची क प्रत, मंजे मोजणीचा नकाशा, हाय का?" तो म्हणाला, सर, सुपरवायझर जेवायला गेलेत. काकांनी मान हलवली. सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या माणसाला हे उत्तर पटतं.

खांब मोजला. जमिनीपासून १४० च्या रेघेपर्यंत बरोबर १४०. काका गंभीर झाले. चष्मा वर केला, थोरल्याकडं खालून वर बघितलं आणि परत खाली येऊन थांबले.

"खिडकीशी मोजलं तवा पायात काय व्हतं?"

"बूट."

"आन् इथं?"

इथं बूट काढून ठेवायला लावले होते. ते रांगेच्या कडेला उलटे पडले होते. काकांनी एक उचलला, तळव्याला टेप लावला. दोन सेंटिमीटर, वर एक केसभर.

"मग येवढा येळ माझा टेप कामून वाया घातलाव?"

फाटकावरच्या पोराचं काही चुकलं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. मांडीवर येणारा दांडा बापाच्या पोटाला टेकून थांबतो आणि शेजारच्या बारक्या लेकराच्या मांडीवर हातभर पोकळी राहते. उंचीची अट त्यासाठी आहे, तिथं कुणी हुज्जत घालू नये. माझा राग खिडकीवर आहे. पैसे घेताना बूट चालतात आणि बसवताना चालत नाहीत, हा कुठला न्याय?

म्हणून उंची घरीच घ्या, आणि नीट घ्या. कडक फरशी, अनवाणी पाय, टाचा-कुल्ले-पाठ भिंतीला, डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीला काटकोनात. पेन्सिलनं खूण करा, लेकरू बाजूला काढा, मग स्टीलचा टेप लावा. शिंप्याचा टेप नको, तो ताणला जातो. आणि "चार फूट आहे" असं मोघम म्हणू नका. चार फूट म्हणजे १२१.९२ सेंटिमीटर, १२० नव्हे. शिवाय सकाळी उठल्यावर माणूस संध्याकाळपेक्षा साधारण एक सेंटिमीटर उंच असतो, दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबतात. काठावरचं लेकरू असेल तर मोठी राइड सकाळीच उरका. तिकिटाच्या वेळी मात्र ते अनवाणी आणि दमलेलं असलेलं बरं. आदल्या रात्री बसस्टँडवर जागवलं तरी चालेल.

पाण्याच्या भागात बनियन-चड्डीवर सोडत नाहीत, तेही आधी सांगून ठेवतो. सुती कापड पाणी पिऊन जड होतं, घसरगुंडीवर अडकतं, आणि त्याचे धागे गाळणीत जातात. नायलॉनचा पोशाख गावाकडूनच घेऊन जा, तिथं भाड्यानं घेतला तर भाडं वेगळं आणि अनामत वेगळी. अनामतीच्या रांगेत मी चाळीस मिनिटं उभा होतो, ओल्या अंगानं, पावती दातात धरून.

बूट घेऊन मी खिडकीवर परत गेलो. आतल्या मुलीनं ऐकून घेतलं, बूटही बघितला. म्हणाली, एकदा मनगटावरचा बँड स्कॅन झाला की सिस्टीममधून मागं येत नाही. मी म्हणलं, १४० नाहीये ना तो. ती म्हणाली, सर, तेव्हा होता. काका सोबत आलेच होते. "निमताना मागा," माझ्या कानात म्हणाले. "पैल्या मोजणीवर वरच्या सायबाकडं अपील. फी भरावी लागती." वरच्या साहेबाचं जेवण अजून चालू होतं. फरकाचे पैसे आजतागायत आलेले नाहीत, येणारही नाहीत.

परतीच्या एसटीत कंडक्टरनं थोरल्याकडं संशयानं बघितलं.

"ह्याचं अर्धं? बारा झालेलं दिसतंय की."

मी जन्माच्या दाखल्यासाठी पिशवीत हात घातला. तोवर थोरला खाली वाकून बूट काढायला लागला होता.